काचेखालची दोन कव्हरं

शाहीन,

तू जिंकलीस म्हणे. बंगळूरच्या त्या माणसाचा मेल आलाय. आपला गेम बाजारात आणायचं ज्याच्या कंपनीनं अंगावर घेतलंय, आणि तुझं कव्हर बघून जो "पाठमोऱ्या मुलीवर क्लिक कोण करणार?" असं म्हणाला होता, तोच. आता तो म्हणतो, तुझंच चित्र ठेवू, जसंच्या तसं. फक्त खाली एक काळी पट्टी टाकू आणि पट्टीवर तुझं नाव आणि 'स्मरणार्थ'. लोकांना ते भिडेल, असंही त्यानं लिहिलंय. माणूस तसा वाईट नाही. त्याला खरंच वाईट वाटलंय, हे त्याच्या लिहिण्यावरून कळतं. पण मेल वाचून माझं डोकं असं काही फिरलं की लॅपटॉप मिटून मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. कपडे अजून ओले होते. तसेच घड्या घालून कपाटात ठेवले. संध्याकाळी आईनं ते बाहेर काढले आणि पुन्हा दोरीवर टाकले.

तू गेल्यापासून घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. ऑफिसातही. मला जपून बोलणारी माणसं नको झाली आहेत. मला "प्रज्ञे, तुला रंगातलं शष्प कळत नाही" असं तोंडावर म्हणणारी बाई हवी आहे. तुझ्याइतकं माझ्याशी कुणी भांडलं नाही, आणि म्हणूनच तुझ्याइतकं जवळचं कुणी झालं नाही. हे तू असताना कधी बोलले नाही. तू हसली असतीस आणि आठवडाभर माझी नक्कल करत फिरली असतीस.

आपलं एवढं मोठं भांडण झालं ते एका कव्हरवरून, हे लोकांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. गेम बनवायला इतकी वर्षं घालवली आणि वाद कशाचा, तर ऑनलाइन दुकानातल्या एका चित्राचा. त्यांना काय माहीत? दिवसा तू द्राक्षांच्या खोक्यांची डिझाइनं करायचीस, मी कंपनीत दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करायची, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या नाशिकरोडच्या घरात आपण 'उतार' बनवायचो. चित्रं तुझी, कोड माझा. गोष्ट दोघींची. सुरगाण्याच्या डोंगरातली सोमी, आई-बाप द्राक्षाच्या कामाला जीपमध्ये बसून खाली गेलेले, आणि ती त्यांच्यामागे एकटी घाट उतरते. तलवार नाही, राक्षस नाही. वाट विचारायची, नाला ओलांडायचा, जीपवाल्याला पटवायचं, अनोळखी बागेत आईचं नाव घेत फिरायचं. गेम विकत घेणारा माणूस हे सगळं नंतर बघणार. आधी त्याला दिसणार ते कव्हर, आणि ते आवडलं नाही तर सोमी घाटाच्या माथ्यावरच राहणार. म्हणून भांडत होतो.

या भांडणाचं मूळ सुरगाण्यातच आहे. चित्रांसाठी आपण तिकडे गेलो होतो तेव्हा ती जीप निघाली होती. टपावर गाठोडी आणि पातेली, आत माणसं कोंबलेली. जीप वळणाआड गेली, मागे राहिलेले आपापल्या कामाला लागले. एक मुलगी मात्र रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. आपला चहा झाला, तू स्केच करायला घेतलंस, ऊन चढलं. ती वळेल म्हणून मी फोनचा कॅमेरा उघडून बसले होते. तिची काकू म्हणाली, दरसाली अशीच उभी राहते, भूक लागली की येते घरात. आपण निघालो तोवर ती वळली नव्हती. परतीच्या बसमध्ये तू मला चित्र दाखवलंस. पाठ, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. मी म्हणाले, सुंदर आहे, आता चेहरा काढ.

"ती आपल्यासाठी उभी नव्हती, प्रज्ञे. तिला आपल्यासाठी कशी वळवू?"

मी म्हणाले, ती मुलगी वेगळी आणि सोमी वेगळी. सोमी आपण घडवली आहे, तिला वळवायचा आपल्याला अधिकार आहे. पेठ गाव मागे पडलं तरी आपलं चालूच होतं, आणि शेवटी पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून विचारलं की मुलगी नेमकी कुणाची. तेव्हा कुठे आपण गप्प बसलो. पण वाद मिटला नाही. कव्हरची वेळ आली तसा तो पुन्हा उफाळून आला, आणि मी तुझंच शस्त्र तुझ्यावर उचललं. खोक्यावर फळ दिसलंच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक हात लावत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. तू ब्रश बाजूला ठेवून म्हणालीस, "सोमी द्राक्ष नाही." त्या दिवशी मी न जेवता घरी आले. अम्मीला त्याचा राग आला. तू म्हणे तिला सांगितलंस, तिचं पोट भांडून भरलंय.

आता तू नाहीस म्हणून मी तुझ्या चित्राला नुसतं छान म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. मोठ्या पडद्यावर ते चित्र लावलं की श्वास जरा हळू होतो, हे खरं. उजाडायच्या आधीचा तो राखेसारखा निळा, वरून डावीकडून उजवीकडे घरंगळत जाणारा रस्ता, खाली तिळाएवढी जीप. 'उतार' ही अक्षरं तू रस्त्याच्या धुळीतच लिहिलीस, ते मला कधीच सुचलं नसतं. पण गेमच्या दुकानात हे चित्र मोठं दिसत नाही. तिथं ओळीनं कव्हरं लागलेली असतात, एकेक अंगठ्याच्या नखाएवढं. तेवढं केलं की सोमीचा काळा ठिपका होतो, रस्त्याचा ओरखडा होतो, आणि नाव तर वाचताच येत नाही. उजवीकडचा डोंगर तू कंटाळून रंगवला आहेस, तेही दिसतं. आणि सोमीची पावलं गवतात लपवली आहेस. तुला पावलं कधी जमली नाहीत, शाहीन. अख्ख्या गेममध्ये ती पोर पिंढरीपर्यंत गवतात नाहीतर चिखलात चालते, आणि परीक्षण लिहिणारे याला वातावरणनिर्मिती म्हणतील.

दुसरं कव्हर माझ्या हट्टानं झालं. तू चेहरा काढणार नाहीस म्हटल्यावर मी पुण्याच्या एका मुलीकडून काढून घेतलं. त्यात सोमी आपल्याकडे बघते. चेहरा मोठा, डोळे मोठे, मागे घाट, वर ठळक अक्षरात नाव. नखाएवढं केलं तरी कळतं की ही एक पोर आहे आणि हिला कुठंतरी जायचंय. पहिल्या खेपेला त्या मुलीनं ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवलं होतं, ते मी काढायला लावलं. तरी त्यात एक उणीव राहिली, ती मला तेव्हाही दिसत होती. ती सोमी आपल्याकडे बघते, घाटाकडे नाही. घाट तिच्यामागे फोटो स्टुडिओतल्या पडद्यासारखा लटकतो. तू ते चित्र बघितलंस आणि एवढंच म्हणालीस की हिचं कुणी गेलेलं नाही.

मग काचेवर ठरवू, असं ठरलं. तुझ्या भावाच्या, तौफिकच्या झेरॉक्सच्या दुकानातली काच. काउंटरच्या त्या काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने, लॅमिनेशनचे दर, कुणीतरी न्यायचे विसरलेले जुने फोटो, आणि त्यांच्यात तू आपली चित्रं सरकवून ठेवायचीस. झेरॉक्स निघेपर्यंत गिऱ्हाईक उभं राहतं, खाली बघतं आणि बघता बघता बोट ठेवतं. हे कोण, हे काय, हे कुठलं. तौफिकनं सकाळी काच लख्ख पुसायची, दिवसभर फडकं लावायचं नाही, चित्र कुणाचं ते सांगायचं नाही. संध्याकाळी तू मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेवरचे बोटांचे ठसे बघायचीस. ज्या चित्रावर ठसे जास्त ते राहणार, दुसरं काढायचं. नियम तुझा होता आणि तू तो कधी मोडला नाहीस. एकदा माझं गेममधल्या बटणांचं एक डिझाइन भरघोस बोटांनी जिंकलं आणि मी पेढे आणायला निघाले, तेव्हा तौफिकनं सांगितलं की शाळेतली पोरं ते स्टिकर समजून भाव विचारत होती. तू तरी ते जिंकलेलंच धरलंस. बोट कशामुळे आलं ते आपण विचारायचं नाही, म्हणालीस. मला हे शहाणपण दुसरं कुणी शिकवलं नसतं. मी कोडमध्ये कारण शोधणारी बाई. तुझ्यामुळे मी लोकांच्या बघण्यावर वाद न घालता ते नुसतं बघायला शिकले.

कव्हरं काचेखाली ठेवायची त्या सुमाराला तुझा ताप उतरेना. साधा ताप म्हणून आपण काढ्यावर आणि गोळ्यांवर काढला, आणि मग न्यूमोनिया निघाला. हॉस्पिटलात भेटायला आले की तू पहिलं तेच विचारायचीस, ठेवली का काचेखाली. शेवटी तौफिकनं ठेवली. संध्याकाळी त्यानं काचेचा फोटो पाठवला आणि मी तो तुझ्यासमोर धरला. तुझ्या चित्रावर बोटंच बोटं, पुण्याच्या चेहऱ्यावर तुरळक. तुझ्या तोंडावर मास्क होता. तू फोटो बोटांनी मोठा करून बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस, आणि भुवया उडवल्यास. मी म्हणाले, "जिंकलीस बाई, पाठमोरी तर पाठमोरी." मला हरल्याचं काही वाटलं नाही. तुझ्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी तो जुना माज दिसला होता आणि मला तेवढं पुरे होतं. तुझं-माझं शेवटचं धड बोलणं ते. पुढच्या भेटींत तू झोपेतच होतीस.

तू गेल्याचा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतर मी दुकानात गेले, बंगळूरचा मेल दाखवायला. तौफिक वाचून खूश होईल असं वाटलं होतं. त्यानं वाचला, फोन मला परत दिला, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसला. मग म्हणाला, "प्रज्ञादी, ती बोटं माझी होती."

मला आधी कळेना, तो कशाबद्दल बोलतोय. तो खाली बघत सांगत गेला. त्या दिवशी दुपारपर्यंत काचेकडे बघायचं धाडसच त्याला झालं नव्हतं. बघितलं तेव्हा पुण्याच्या चेहऱ्यावर ठसे जास्त वाटले. मग त्यानं फडकं घेऊन सगळी काच पुसून काढली, डबा खाऊन हात न धुता तुझ्या चित्रावर दहाही बोटं पुन्हा पुन्हा टेकवली, आणि दुसऱ्यावर दोन-चार. मला फोटोत ते कळायला हवं होतं. सगळे ठसे एकाच मापाचे होते. पण मीही तेव्हा ठसे बघत नव्हते, तुझं तोंड बघत होते.

"आपाला त्या हालतमध्ये हरलेलं दाखवू?" तो म्हणाला. "माझ्यानं नाही झालं."

मी त्याला काय बोलणार? मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि त्याच्याइतक्या हुशारीनं नक्कीच केलं नसतं. पण बसल्या बसल्या मला एक गोष्ट टोचायला लागली. एकदा तू भावाच्या बोटांनी जिंकलीस आणि एकदा मेलीस म्हणून जिंकलीस. दोन्ही वेळा तुझ्या चित्राकडे कुणी बघितलंच नाही. तू गेमच्या पहिल्या दिवसापासून एकच सांगायचीस, की चित्र बघणाऱ्याला काढणारा माहीत नसावा. आता सगळ्या जगाला माहीत होणार, तेही काळ्या पट्टीवर. मी तौफिकला म्हणाले, आपण पुन्हा ठेवू. खरोखर ठेवू.

तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. आता कशाला, म्हणाला, तिकडून होकार आलाय, राहू द्या तिचंच. मी विचारलं, असं जिंकलेलं तिला चाललं असतं का? तो काचेवरून हात फिरवत राहिला.

"नसतं चाललं. पण आता ती बघायला आहे का?"

"मी आहे," मी म्हणाले.

त्यानं उठून शटर वर केलं आणि बाहेर ताटकळलेल्या बाईचं आधार कार्ड झेरॉक्सला घेतलं. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. पण दोनेक दिवसांनी त्याचा फोन आला. सकाळी काच पुसून त्यानं दोन्ही चित्रं ठेवली होती. दिवसभर मुद्दाम आतल्या बाजूला, मशीनपाशीच उभा राहिला होता. "काच पुसली नाही अजून," तो म्हणाला, "तुम्ही या. आपा हरली."

मी रिक्षा करून गेले. टॉर्च मीच धरला, तू धरायचीस तसा तिरका. पुण्याच्या सोमीच्या गालांवर, कपाळावर, डोळ्यांवर बोटं. लहान, मोठी, कुणाची तंबाखू मळलेली, कुणाची मेंदीची. तुझ्या चित्रावर अगदी थोडी. त्यात एक मात्र वेगळं होतं. कुणीतरी सोमीच्या पाठीवर बोट टेकवलं होतं आणि न उचलता रस्त्यावरून तसंच खाली नेलं होतं, वळणावळणानं, थेट जीपपर्यंत. बोट बारीक होतं. कुणाचं, ते तौफिकला आठवेना. आम्ही दोघंही त्या एका रेषेकडे बघत राहिलो. पण रेष एकच होती, आणि नियम नियम असतो. तौफिकनं तुझं चित्र काचेखालून काढलं आणि म्हणाला, हे अम्मीच्या खोलीत लावतो, तिथं कुणी बोट लावणार नाही. मग तो रडला, आणि मीही रडले, त्या पासपोर्ट फोटोंच्या समोर.

आज सकाळी मी बंगळूरला कळवून टाकलं. कव्हर पुण्याच्या मुलीचं. काळी पट्टी नको, स्मरणार्थ नको. गेम सुरू झाला की नावं येतात तिथं नुसतं 'चित्रं : शाहीन', हयात माणसाचं लिहितात तसं. त्याला मी बहुतेक दगडाच्या काळजाची वाटले असेन. त्यानं पुन्हा विचारलंय की नक्की ना. मी नक्की म्हटलंय. तुझ्या गेलेल्या जिवाची कणव करून कुणी आपला गेम घ्यायला नको. सोमीला शोधायला घ्यावा, नाहीतर घेऊ नये.

तरी हा निर्णय घेणं जड गेलं, आणि का गेलं ते मला आता लिहिता लिहिता कळतंय. द्राक्षबागेचं चित्र आपण असंच काचेवर लावलं होतं. तुझी बाग हिरवी, माझं म्हणणं काळ्या द्राक्षांची करावी, आणि काचेवर तू हरलीस. तू माझा फोन घेईनास. मग एका सकाळी, मी दात घासत असताना दारात येऊन उभी राहिलीस, हातात तिसरंच चित्र. त्यात एकही द्राक्ष दिसत नव्हतं. सगळे घड जुन्या पेपरात गुंडाळलेले, ऊन लागू नये म्हणून गुंडाळतात तसे, आणि त्या पेपरांच्या रांगांमधून सोमी आईला शोधत चाललेली. ते माझ्याही डोक्यात नव्हतं आणि तुझ्याही. हरल्यामुळे तुला ते सापडलं होतं. दर वेळी असंच व्हायचं. आपल्या गेममध्ये जे जे चांगलं आहे, ते सगळं तू हरल्यानंतरचं आहे.

आपली ही दोन्ही कव्हरं अपुरी आहेत, शाहीन. एकात पोर दिसत नाही, दुसऱ्यात घाट दिसत नाही. मला हे माहीत होतं, आणि फोटो मोठा करून बघताना तुलाही ते दिसलं असणार. खरं कव्हर अजून व्हायचं होतं. ते तू हरल्यावर काढलं असतंस. तौफिकनं मायेपोटी तुला हरू दिलं नाही, आणि दिलं असतं तरी त्या पलंगावरून उठून ते काढायला तुला कुणी वेळ दिला नसता.

आता तुला खरंच हरवलंय. तुझ्याच काचेवर, तुझ्याच नियमानं, कुणीही लबाडी न करता. सकाळपासून मी दारापाशीच बसून हे लिहितेय. भांडण मी जिंकले आहे, आणि तुझं पुढचं चित्र येणार नाही.

प्रज्ञा